डर्बीच्या आधी हेड-टू-हेड बघताय? आधी हे वाचा

कलकत्त्याची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबची मॅच, जवळ आली की आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. एका बाजूला ईस्ट बंगालचा लाल-पिवळा, दुसऱ्या बाजूला मोहन बागानचा हिरवा-मरून, आणि मधे तीन आकडे, यांनी इतक्या जिंकल्या, त्यांनी इतक्या, ड्रॉ इतक्या. यालाच हेड-टू-हेड म्हणतात. फोटो आला की पाठोपाठ कोणीतरी लिहितोच, "रेकॉर्ड बघ भावा, विषय संपला." मी कोल्हापूरचा, पेठेच्या तालमींच्या मॅचेस बघत वाढलेला, त्यामुळे असलं बोलणं मला नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की आदल्या दिवशी चहाच्या गाड्यावर गेल्या वीस वर्षांचा हिशोब निघतो. पण त्या हिशोबातून उद्या काय होणार हे खरंच कळतं का, यावर कोणी बोलत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूया. उदाहरण कलकत्त्याचंच घेतो, कारण इतकी जुनी आणि इतकी मसालेदार टक्कर देशात दुसरी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मोहन बागान 1889 चा क्लब. 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड ही कलकत्त्याची जुनी स्पर्धा जिंकलेला, तोही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना. ईस्ट बंगाल 1920 चा. तो निघाला भांडणातून. मोहन बागानविरुद्धच्या एका मॅचला जोडाबागान क्लबने शैलेश बोस नावाच्या खेळाडूला बाहेर बसवलं, पदाधिकारी सुरेशचंद्र चौधरी चिडले, बाहेर पडले आणि त्यातून हा नवा क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली, पूर्व बंगालातून लाखो लोक कलकत्त्यात आले, आणि जमीन, घर, नदी सगळं मागे राहिलेल्या या माणसांना लाल-पिवळ्या जर्सीत आपलं काहीतरी सापडलं. तिकडून आलेले ते बांगाल, इथले मूळचे ते घोटी. बांगाल जिंकले की हिल्सा, घोटी जिंकले की कोळंबी, हे तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माझ्या ऑफिसात एक बंगाली मित्र आहे, घरचे मूळचे पूर्व बंगालातल्या बारिसालचे, त्याला डर्बीच्या दिवशी लंचला कोळंबी खाताना मी आजवर बघितलेलं नाही.

आता त्या फोटोतल्या आकड्यांकडे येऊ.

पहिली गंमत म्हणजे हे आकडे प्रत्येक फोटोत वेगळे असतात, आणि त्यात कोणी खोटं बोलतंय असंही नसतं. प्रश्न असतो की मोजायचं काय. फ्रेंडली धरायच्या की नाही? 2016 च्या कलकत्ता लीगमध्ये मोहन बागान कलकत्त्याजवळच्या कल्याणीला मैदानात उतरलंच नाही, ईस्ट बंगालला वॉकओव्हर मिळाला, हा विजय म्हणायचा का? आणि 9 डिसेंबर 2012 ची आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगची, मॅच तर आणखी कमाल. ईस्ट बंगाल 1-0 पुढे, बागानच्या ओडाफाला रेड कार्ड, स्टँडातून दगड आले, रहीम नबीला लागला, आणि हाफटाइमनंतर बागानची टीम परत आलीच नाही. आधी दोन वर्षांची बंदी, मग ती उठवून दंड आणि गुण कापणं, असं ते प्रकरण गेलं. ती मॅच कुठल्या रकान्यात टाकायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे "रेकॉर्ड बघ" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा की कोणाचं रेकॉर्ड?

पण समजा सगळ्यांनी बसून एकच यादी पक्की केली. तरी खरी अडचण पुढेच आहे. त्या यादीत एका नावाखाली जे मोजलंय ते एकाच टीमचं नाहीये. 30 सप्टेंबर 1975, आयएफए शील्डची फायनल, ईस्ट बंगाल 5, मोहन बागान 0. आजही बागानवाल्यासमोर पाच बोटं दाखवली की माणूस तोंड फिरवतो. त्यात दोन गोल श्याम थापाचे होते, वर एक पेनल्टी त्याने घालवली, नाहीतर सहा झाले असते. कोच पी. के. बॅनर्जी. पुढच्याच वर्षी पी. के. बॅनर्जी बागानचे कोच झाले, 1976 मध्ये बागानच्या अकबरने सतराव्या सेकंदाला गोल मारून डर्बी जिंकून दिली, मग श्याम थापाही बागानकडे आला, आणि 1978 मध्ये त्याने ईस्ट बंगालवरच बायसिकल किकने जो गोल केला तो बंगालात आजही लोक हातवारे करून सांगतात. आता तीन वर्षांत कोच इकडून तिकडे, स्ट्रायकर इकडून तिकडे, आणि आपण मात्र 5-0 एका रकान्यात आणि तो गोल दुसऱ्या रकान्यात टाकून मोकळे! माणसं तीच, फक्त शर्ट बदललेला. चिडी एडेचंही तसंच, 2009 मध्ये बागानकडून एकाच डर्बीत चार गोल मारले, मॅच 5-3 ने काढली, आणि काही वर्षांनी हाच माणूस ईस्ट बंगालच्या जर्सीत.

म्हणून माझा साधा नियम असा की जुन्या निकालातला जो भाग उद्या मैदानात स्वतःच्या पायाने चालत येणार आहे तेवढाच धरायचा. तोच कोच, तेच सेंटर-बॅक, तेच मिडफिल्ड, तीच खेळायची पद्धत. याची बेरीज केली तर बहुतेक वेळा गेल्या दीड-दोन वर्षांतल्या तीन-चार मॅचेस उरतात. बाकी सगळं गोष्टी सांगायला मस्त, अंदाजाला फारसं कामाचं नाही.

आणि तीन-चार मॅचेसवरून काही ठरवणं फुटबॉलमध्ये इतर खेळांपेक्षा जास्त धोक्याचं आहे, ते का ते सांगतो, थोडं गणित येईल पण घाबरू नका.

कबड्डीत एका टीमचे तीसेक पॉइंट सहज होतात. बास्केटबॉलमध्ये तर शंभराच्या आसपास जातं. इतक्या वेळा फासा टाकला की चांगली टीम वर येतेच, एखादा तुक्का लागला तरी पचून जातो. फुटबॉलमध्ये अख्ख्या नव्वद मिनिटांत दोन्हीकडचे मिळून दोन-तीन गोल. एक उडालेला डिफ्लेक्शन, एक चुकलेला ऑफसाइड, की मॅच फिरली. आता समजा एक टीम चांगली आहे, अशा मॅचमध्ये सरासरी दीड गोल मारते, आणि समोरची सरासरी एक. म्हणजे पन्नास टक्के जास्त गोल, हा फरक लहान नाही. गोल किती पडतील याचा अंदाज बांधायला पॉइसन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं जुनं सूत्र वापरतात, त्यात हे दोन आकडे टाकले की उत्तर येतं: चांगली टीम जिंकायची शक्यता साधारण 49 टक्के, ड्रॉ 26, आणि कमजोर टीम जिंकायची 25. परत वाचा हवं तर. स्पष्टपणे चांगली असलेली टीम निम्म्या वेळा जिंकतच नाही! चार मॅचेसमध्ये एकदा ती सरळ हरते, आणि त्या दिवशी टीव्हीवर तासभर तिच्या मानसिकतेवर चर्चा होते. मानसिकता वगैरे असेलही, पण आधी हा साधा हिशोब बघा की.

मग तुम्ही म्हणाल, ते सलग आठचं काय? बरोबर प्रश्न आहे. 2020 पासून मोहन बागानने सलग आठ डर्बी जिंकल्या. पहिली जानेवारी 2020 मध्ये आय-लीगला, कलकत्त्यातच, 2-1. दुसरी मात्र आपल्या शेजारी, गोव्यात. 27 नोव्हेंबर 2020, वास्कोचं टिळक मैदान, कोविडमुळे सगळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यात बंद दाराआड चाललेली, आणि ज्या मॅचला लाखभर लोक ओरडायचे ती मॅच रिकाम्या खुर्च्यांसमोर. बॉलचा आवाज टीव्हीवर ऐकू येत होता. रॉय कृष्णा आणि मनवीर सिंग, 2-0. ती ईस्ट बंगालची आयएसएलमधली पहिलीच मॅच होती, आणि त्यांची एंट्रीच शेवटच्या क्षणी झालेली, कोच रॉबी फाउलर ऑक्टोबरमध्ये आला, टीम जमेल तशी जमवली. समोर बागान म्हणजे आदल्याच सीझनची चॅम्पियन टीम एटीके त्यांच्यात विलीन झालेली, कोच अँटोनियो हबास तोच, बहुतेक माणसं तीच. जमलेला संसार आणि कालच भाड्याने घेतलेली खोली, असा सामना होता तो.

नाणं उडवल्यासारखं, म्हणजे प्रत्येक वेळी हरायची शक्यता निम्मी धरली तर सलग आठ वेळा हरणं 256 मध्ये एकदा घडेल. म्हणजे टीममध्ये खरा फरक होता हे नक्की. पण दुसरी बाजू पण बघा. फरक इतका मोठा धरा की ईस्ट बंगाल चारपैकी तीन वेळा हरणारच, तरीसुद्धा सलग आठ हार दहात एकदाच दिसतील. म्हणजे बागान चांगलं होतं आणि वर नशिबानेही साथ दिली, दोन्ही खरं. आणि ज्या टकरीला शंभर वर्षं झालीत तिच्यात कधी ना कधी असा एखादा लांबलचक पट्टा दिसणारच, तो दिसला की आपण त्यालाच धरून बसतो.

त्या आठमधली एक मॅच तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. 29 जानेवारी 2022, गोव्यातलंच फातोर्डा. ईस्ट बंगाल 1-0 पुढे. तासाभराने बागानने कियान नासिरीला आत पाठवलं, एकवीस वर्षांचा पोरगा, आल्या आल्या तीन-चार मिनिटांत गोल, आणि मग इंज्युरी टाइममध्ये अजून दोन. हॅटट्रिक, 3-1. याचे वडील जमशीद नासिरी, इराणहून आलेले, ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालचे लाडके. फोटोतल्या तक्त्यात ही मॅच फक्त "बागान विजय" म्हणून आहे. पण ती मॅच नव्वदाव्या मिनिटापर्यंत ड्रॉ होती, आणि पुढचा अंदाज बांधणाऱ्याला हे माहीत असणं त्या 3-1 पेक्षा जास्त कामाचं आहे.

हाच विचार पुढे नेऊन लोकांनी एक्सपेक्टेड गोल्स काढले, ज्याला एक्सजी म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट सोपी आहे. प्रत्येक शॉट कुठून मारला, पायाने की डोक्याने, पास कसा आला हे बघायचं, आणि तसे हजारो जुने शॉट बघून सांगायचं की असे शंभर मारले तर किती आत जातात. पेनल्टी शंभरात पाऊणशेच्या थोडी वर. सगळे शॉट एकत्र धरले तर दहातला एखादा. वीस यार्डांवरून मारलेला जोरदार फटका दिसायला भारी पण शंभरात चार-पाच गेले तर नशीब. मग मॅचमधल्या सगळ्या शॉट्सची बेरीज करायची. एखादी टीम 1-0 जिंकली आणि तिची बेरीज 0.4, समोरच्याची 1.9, तर समजायचं की निकाल उलटा लागलाय, आणि पुढच्या वेळी याच निकालाच्या भरवशावर छाती फुगवू नये. एकेका मॅचची बेरीज फार मनावर घ्यायची नाही, पण आठ-दहा मॅचेसची बघितली की टीमची खरी तब्येत बऱ्यापैकी कळते. माझ्या मते डर्बीच्या आधी बघायचा हा पहिला आकडा, हेड-टू-हेड फार मागे.

तरी नुसता फॉर्मही फसवतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच डर्बीत आहे. 1997, फेडरेशन कप. बागानचे कोच अमल दत्ता यांनी डायमंड सिस्टिम आणलेली, मिडफिल्डमध्ये चौघांचा चौकट आकार, सगळे पुढे झेपावणार, आणि टीम अक्षरशः सुसाट सुटलेली. क्वार्टर फायनलला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला 6-0 धुतलं. सेमीला समोर ईस्ट बंगाल, कोच परत पी. के. बॅनर्जी. दत्तांनी मॅचआधी समोरच्या खेळाडूंची नावं पाडली, बायचुंगला चुंगचुंग, ओमोलोला ऑम्लेट. 13 जुलैला कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख तीस हजारांवर माणूस, आणि ईस्ट बंगालने 4-1 ने मारलं, तीन गोल बायचुंग भुतियाचे. पुढे झेपावणाऱ्या टीमच्या मागे मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत पळणारा वेगवान माणूस तुमच्याकडे असेल तर समोरच्याचा फॉर्म हाच तुमचा फायदा. चर्चिलविरुद्ध जी गोष्ट ताकद होती तीच पुढच्या फेरीत दुसऱ्या टीमसमोर भगदाड ठरली. तर शैली कोणाची कोणाला जुळते हे बघावं लागतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात नसतं, मॅचच बघावी लागते, त्याला शॉर्टकट नाही.

बाकीच्या गोष्टी पटापट. होम ॲडव्हान्टेज हा जगभर खरा प्रकार आहे, कोविडमध्ये स्टेडियम रिकामी झाली तेव्हा युरोपात तो कमी झालेला दिसला, पण ही डर्बी बहुतेक सॉल्ट लेकवर होते आणि ते मैदान दोघांचंही, त्यामुळे कागदावर घरचं कोणीही असो, फरक थोडा. मधले विश्रांतीचे दिवस मात्र जरूर मोजा. सस्पेंड कोण आहे ते बघा. आणि मॅच पेनल्टीवर गेली तर मग हातातला सगळा अभ्यास खाली ठेवा, तिथे नाणेफेकीपेक्षा फार जास्त काही कळत नाही. रेटिंगबद्दल विचाराल तर एलो पद्धत मला पटते, मुळात बुद्धिबळाची, 2018 पासून फिफाच्या रँकिंगमध्येही तीच कल्पना आहे: बलाढ्य टीमला हरवलं तर जास्त पॉइंट, लिंबूटिंबूला हरवलं तर नावापुरते. यात जुने निकाल आपोआप फिके पडत जातात, आणि ते तसेच पडायला हवेत.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा, तो म्हणजे "इतक्या वेळा हरलेत, आता जिंकायची पाळी आली." पाळी वगैरे काही नसते, बॉलला मागचं आठवत नाही. 12 ऑगस्ट 2023 ला ड्युरंड कपमध्ये ईस्ट बंगालने 1-0 ने जिंकून साडेचार वर्षांचा दुष्काळ संपवला, नंदकुमारचा गोल, तेव्हा सगळे म्हणाले बघ, पाळी आली. अरे पण त्या सीझनला नवा कोच आलेला, कार्ल्स कुआद्रात, ज्याने बंगळुरूला आयएसएल जिंकून दिलेली, आणि नंदकुमार स्वतःही नवीनच घेतलेला. कारणं समोर होती. आणि पाळीच असती तर तीन आठवड्यांनी 3 सप्टेंबरला त्याच ड्युरंडच्या फायनलला काय झालं? बागानचा अनिरुद्ध थापा रेड कार्ड खाऊन बाहेर, दहा जण उरलेले, आणि पेत्रातोसने गोल मारून कप नेला. पुढे जानेवारी 2024 ला सुपर कपमध्ये ईस्ट बंगाल 3-1, मार्चमध्ये आयएसएलला बागान 3-1. ऑगस्ट 2025 ला ड्युरंडच्या क्वार्टर फायनलला ईस्ट बंगाल 2-1, तेही आयएसएल चॅम्पियन बागानसमोर. यातून कोणाला पुढचा निकाल वाचता येत असेल तर त्याने मला खाजगीत सांगावं.

मग जुन्या आठवणींचं करायचं काय, फेकून द्यायच्या? अजिबात नाही, फक्त त्यांना अंदाजाच्या कामाला जुंपू नका. त्या दुसरंच काहीतरी सांगतात. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच डर्बीत दंगल होऊन 16 प्रेक्षक गेले, कलकत्त्यात अजून त्यांची आठवण दरवर्षी काढतात, रक्तदान शिबिरं होतात. त्या मॅचचा स्कोर बहुतेकांना सांगता येणार नाही. आणि ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणामुळे शहर पेटलेलं, बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून ड्युरंडची डर्बी रद्द झाली, तर दोन्हीकडचे लोक, सोबत शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहमेडनचे लोकही, आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले आणि न्यायाच्या घोषणा देत राहिले. हेड-टू-हेडमध्ये त्या दिवसाची नोंदच नाही, कारण मॅच झालीच नाही.

हे सगळं मी मागच्या डर्बीच्या आधी त्या बारिसालवाल्या मित्राला चहा पिताना समजावलं होतं, पॉइसन, एक्सजी, सगळं, नॅपकिनवर 49-26-25 लिहून दाखवलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान हलवली, नॅपकिन घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे दादा, पण तू त्या दिवशी हिरवा शर्ट घालून येऊ नकोस."